बाईंची धातुबंदी

बाईंच्या प्रयोगशाळेत शिरायचं म्हणजे आधी दारातच निम्मं लुटलं जायचं. अंगठी काढा, घड्याळ काढा, बांगड्या, किल्ल्या, पट्टा, केसांतल्या पिना, सगळं काढा. दाराशी स्टुलावर एक हिरवं प्लॅस्टिकचं ताट असायचं, त्यात हा ऐवज ठेवायचा आणि मग रबरी सपाता घालून आत जायचं. पहिल्या दिवशी मी निमूटपणे सगळं काढून ठेवलं आणि पाऊल टाकणार तोच बाई आतून म्हणाल्या, "आणि ते नाकातलं?"

"बाई, चमकी आहे. एवढीशी तर आहे."

"नाक बाहेर ठेवून येणार आहेस का?"

"नाही."

"मग चमकी ठेव."

ठेवली, काय करते! पुढं चार वर्षांत नाकाचं भोक बुजूनच गेलं. आई त्यावरून मला अजून बोलते.

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपासून आणि शनिवार-रविवारच्या झुंडीपासून बरंच आत, एका ट्रस्टची छोटी संशोधन संस्था होती. बाईंच्या वाट्याला तिथं दोन खोल्या आणि एक व्हरांडा आला होता. सगळे त्यांना बाईच म्हणायचे, ट्रस्टचे लोकही आणि रिक्षावालेही. मी जवळच्या औंढ्याची. आमच्या वस्तीत एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी, आणि आता पीएच.डी. करणारीही पहिलीच. माझे वडील, आप्पा, कंपनीतून रिटायर झालेले. त्यांना वाटायचं, पोरगी लोणावळ्याला जाते म्हणजे औषधं बनवते. मीही कधी नीट समजावलं नाही, कारण बाई जे करायच्या ते चार वाक्यांत समजावणं फक्त बाईंनाच जमायचं.

त्या म्हणायच्या, "ऑक्सिजन म्हणजे जावई. मान द्यायचा, पण घरभर मोकळा सोडायचा नाही. बसवू तिथं बसला पाहिजे." आम्ही ज्या एन्झाईमचा अभ्यास करत होतो ते हेच काम करायचं. हवेतला ऑक्सिजन धरायचं आणि एका घट्ट कडीसारख्या रेणूत नेमक्या जागी बसवायचं, की कडी फुटलीच. ऑक्सिजन धरायला त्या प्रथिनाच्या पोटात एकच धातूचा अणू असतो. तो अणू कोणत्या धातूचा, एवढाच आमचा प्रश्न. एवढ्यासाठी माझी चमकी गेली होती. बाहेरचा धातू कणभर जरी आत आला तरी उत्तर खोटं.

बाई दिसायला काडी. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, केस दोऱ्यानं बांधलेले, कारण पिनेत लोखंड. चष्म्याच्या बिजागरीवर नेलपॉलिशचा थर, कारण बिजागरीत निकेल. हातात घड्याळ नाही, त्यामुळं दर थोड्या वेळानं "किती वाजले गं?" आणि आपण तरी कुठून सांगणार, घड्याळ ताटात! स्वभाव म्हणाल तर मिरची. माझ्या हातून एकदा हवाबंद पेटीत सूतभर हवा शिरली. ही पेटी म्हणजे नायट्रोजन भरलेलं प्लॅस्टिकचं पारदर्शक खोकं, आत हात घालायला रबरी हातमोजे लावलेले. आत हवा गेली की एन्झाईम मेलं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसल्या आणि दुपारभर एक शब्द न बोलता माझ्या हातांकडं बघत राहिल्या. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांना हरवलं ते फक्त शेवंतामावशींनी. मावशी लोहगडाखालच्या वाडीतून झाडलोट करायला यायच्या. बाईंनी त्यांना दारात अडवून मंगळसूत्र काढायला सांगितलं.

"मालक जित्ता हाय माजा," मावशी म्हणाल्या. "त्यो गेला की काडते. तवर न्हाई."

"अहो, पण त्यात सोनं आहे, तांबं आहे."

"मंग? सोनं हाय म्हनूनच घातलंय न्हवं?"

दोघींनी तोंडं फिरवली. पुढं कितीतरी दिवस खोल्या मीच झाडल्या. शेवटी बाईंनी स्वतः प्लॅस्टिकचा एक एप्रन शिवला, थेट हनुवटीपर्यंत, मागं नाडीनं बांधायचा. मावशींनी तो घातला आणि सगळ्या वाडीत सांगितलं, "बाईनं माज्या मंगळसूत्राला रेनकोट केलाय." ट्रस्टच्या अध्यक्षांना मात्र ही सवलत नव्हती. त्यांची शनीची अंगठी निघेना, बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं, आणि तेव्हापासून ते बाईंच्या वाईटावर टपले होते.

डिझेलवर जगणाऱ्या ज्या जिवाणूतून आमचं एन्झाईम यायचं तो बाईंनी मातीतून शोधला होता. लोहगडवाडीला ट्रेकिंगवाल्यांच्या गाड्या लागतात तिथं डिझेल सांडून जमीन काळी पडलेली असते. तिथं बाई उकिडव्या बसून हातानं माती उकरत होत्या. खुरपं कसं चालेल, लोखंड ना ते! एका टपरीवाल्या बाईनं विचारलं, "आजी, काय हारवलं का?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "हरवलं नाही गं, सापडायचंय."

आणि सापडलं. जगभर या जातीच्या एन्झाईममध्ये लोखंड असतं असं मानतात. आमच्यात निघालं मँगनीज. एकदा नाही, दर वेळी मँगनीज. माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी आमचा शोधनिबंध परदेशात छापून आला. बाईंची उभी हयात त्या दोन खोल्यांत गेली होती, कुणी कुत्रं विचारत नव्हतं. आता पत्रं यायला लागली, व्याख्यानाला बोलावणी यायला लागली. निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना बाई मोठ्या झाल्या. आणि मीही त्यांच्या मागं मागं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. काचसामान धुवायची बाईंची स्वतःची एक पद्धत होती. व्हरांड्यात एक मोठा टब, त्यात जांभळं पाणी. पोटॅशियम परमँगनेट, पूर्वी विहिरीत टाकायचे ते. प्रत्येक काच त्यात रात्रभर बुडवायची, मग आम्लानं धुवायची, मग शुद्ध पाण्यानं. बाईंच्या गुरूंनी ती पद्धत शिकवलेली. गुरूंकडूनच आलेली एक काचेची नळी होती, तळाशी काचेचीच बारीक छिद्रांची चाळणी असलेली. आमचा प्रत्येक थेंब त्या चाळणीतून गाळून निघायचा. बाई तिला जपायच्या, फक्त स्वतः हाताळायच्या किंवा मला हाताळू द्यायच्या. परमँगनेटमध्ये मँगनीज असतं हे शाळेतलं पोर सांगेल. तुम्ही एव्हाना ओळखलंच असेल. आम्ही दोन शहाण्या, आम्ही नाही ओळखलं. आम्ही शुद्धीकरण करत होतो ना, मग शंका कोण घेणार!

माझा प्रबंध पूर्ण झाला. तोंडी परीक्षा ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी ठरली, बाहेरचे परीक्षक हैदराबादहून येणार होते. तळेगावच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली होती आणि त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, पदवीचा कागद आणा, जागा तुमची. आमच्या वस्तीत तर दिवाळी आधीच आली. चुलत्यांनी विहाराच्या कमानीवर फ्लेक्स लावला, माझा हा एवढा फोटो, त्याखाली 'डॉ.' लावून नाव, आणि सत्काराची वेळ. मी म्हटलं, अहो, परीक्षा तर होऊ द्या. चुलते म्हणाले, "आता काय राह्यलंय? आपलीच पोरगी."

सोमवारी सकाळी मी संस्थेत गेले तर बाई व्हरांड्यात उभ्या. हातात ती नळी, उजेडाकडं धरलेली.

"हे बघ," त्या म्हणाल्या.

चार वर्षं ती नळी रोज वापरात, त्यामुळं चाळणी कायम ओली. माझं लिहिणं चालू होतं तेव्हा ती कित्येक दिवस पडून राहिली आणि पहिल्यांदाच पूर्ण वाळली. वाळलेल्या काचेवर, अगदी आतल्या छिद्रांत, चहाच्या डागासारखी एक फिकट तपकिरी झाक होती.

"डाग आहे, बाई."

"कसला?"

मला कळलं होतं. परमँगनेटचा रंग गेला की मागं तपकिरी राहतं ते मँगनीजच. आम्लाला, पाण्याला ते सुटत नव्हतं, म्हणून नुसतं पाणी तपासलं की स्वच्छ यायचं. प्रथिन मात्र धातूला हपापलेलं असतं, ते ओढून घेत असणार.

"असेलही, नसेलही," बाई म्हणाल्या. "नवी प्लॅस्टिकची नळी घेऊ. पुन्हा सगळं पहिल्यापासून काढू. उद्या काढलं तर परवा कळेल."

"बाई, गुरुवार होऊ द्या ना. मग शांतपणे बघू."

"गुरुवारनंतर बघायला आपल्या दोघींत कोणाची छाती होणार आहे?"

मंगळवारी आम्ही एन्झाईम काढलं. बाईंचे हात पेटीच्या एका बाजूनं, माझे दुसऱ्या बाजूनं, चार रबरी हात आणि मध्ये ते पातळ पिवळसर पाणी. दिवसभर बोलणं म्हणजे "धर", "सोड", "हळू". मला देव मानायची सवय नाही, पण त्या दिवशी मी कोणाकोणाला हाका मारल्या ते माझं मला माहीत. मँगनीज निघू दे, बास. दुपारी ताटातला माझा मोबाईल वाजला तसा मावशींनी दारातून ओरडून सांगितलं. आप्पा होते.

"अगं, गुरवारी जीप एक सांगू का दोन? मानसं लय हायती."

"आप्पा, जरा थांबा."

"थांबा म्हंजी? समदी नवी कापडं घालून तयार बसल्याती."

मी एक सांगा म्हटलं आणि फोन ठेवला. काय बोलणार होते दुसरं?

बुधवारी सकाळी मोजायला बसलो. मोजणी साधी होती. एन्झाईम काम करायला लागलं की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि पडद्यावरची रेघ खाली झुकते. काम नाही तर रेघ आडवी.

बाईंनी नवं एन्झाईम घातलं. रेघ आडवी. ठीक, पोटात धातूच नाही. मग मँगनीज घातलं. रेघ कलली, जरा, आपल्या ओळखीची तीच मंद चाल. मी श्वास सोडला. म्हटलं, बघा, चालतंय की.

"थांब," बाई म्हणाल्या आणि नव्या नळकांडीत एन्झाईम घेऊन त्यात लोखंड घातलं.

रेघ कोसळली. सरळ खाली, विहिरीत पोहरा पडावा तशी. पाण्यातला ऑक्सिजन बघता बघता संपला. त्या एन्झाईमला लोखंडच हवं होतं, पहिल्यापासून. बाहेर काढताना त्याचं स्वतःचं लोखंड गळून पडायचं आणि आमच्या चाळणीतलं मँगनीज त्या जागेवर घुसून बसायचं. मग आम्ही वरून लोखंड घातलं तरी त्याला शिरायला जागाच नसायची. ते रखडत चालायचं आणि आम्ही त्या रखडण्यालाच त्याची चाल समजलो होतो. माझा प्रबंध, बाईंचा निबंध, पत्रं, बोलावणी, सगळं त्या चाळणीतलं.

मी बाईंकडं बघितलं. आणि बाई हसत होत्या! खुर्चीवरून अर्ध्या उठून, पडद्याला नाक लावून. "अगं बघ, बघ कसं घेतंय! काय सुंदर घेतंय गं!" डोळे लहान पोरीसारखे लुकलुकत होते. आपला शोध मेला हे त्या क्षणभर पार विसरल्या होत्या.

माझा तोल गेला. "तुम्हाला काय जातंय, बाई?" मी ओरडले. "तुमच्या गावात फ्लेक्स नाही लागलेला!"

बाईंनी वळून विचारलं, "काय लागलंय?"

मग मी सगळं सांगितलं. कमान, फोटो, जीप, तळेगावची जागा. रडत होते आणि बोलत होते. शेवटी म्हटलं, "उद्याचा दिवस गप्प बसा. हात जोडते. कुणाला कळणार नाहीये."

बाई खाली बसल्या. बराच वेळ त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मग म्हणाल्या, "खोटं मला परवडेल. माझं संपत आलंय, दोन-चार वर्षं गप्प बसले की झालं. तुझं तसं नाही. तू तळेगावला जाशील आणि दर वर्षी फळ्यावर हे मँगनीज काढशील. पोरं वहीत उतरवून घेतील. जमेल तुला?"

"जमेल," मी म्हटलं. रागानं म्हटलं, पण म्हटलं.

"मला नाही जमायचं, तुला तसं बघायला," असं म्हणून त्यांनी ताटापाशी जाऊन विद्यापीठाला फोन लावला.

व्हरांड्यात मावशींनी माझ्या हातात चहा दिला. "पी पोरी. रडून काय व्हनार हाय?" त्यांना काय झालं ते कळलेलं नव्हतं, पण पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

गुरुवारी मी 'आज जायचं नाही' एवढंच सांगून घरात तोंड लपवून बसले होते. अकराच्या सुमाराला विहारापाशी रिक्षा थांबली आणि बाई उतरल्या. आमच्या वस्तीत त्या कधी आल्या नव्हत्या. लोक जमलेच होते, नव्या कपड्यांत, तोंडं पाडून. बाईंनी आप्पांना नमस्कार केला आणि उभ्यानंच सांगितलं, "पोरीची काही चूक नाही. चूक माझी आहे. धुण्याची पद्धत माझी, चाळणी माझी."

"म्हंजी नापास झाली का?" आप्पांनी विचारलं.

"नाही. परीक्षाच झाली नाही. मी होऊ दिली नाही."

"का पन?"

"खोट्यावर पास झाली असती म्हणून."

आप्पांनी बाईंना बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही, चहा विचारला नाही. आमच्या दारात आलेल्या माणसाचं असं कधी झालं नव्हतं. बाई उन्हात थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि चालत फाट्याकडं गेल्या. संध्याकाळी आप्पांनी स्वतः फ्लेक्स उतरवला आणि पेंढ्यावर टाकला.

बाईंनी निबंध मागं घेतला. तिथंही तेच लिहिलं, चूक सर्वस्वी माझी, विद्यार्थिनीचा संबंध नाही. बोलावणी थांबली. अध्यक्षांनी शनीच्या अंगठीचा सूड घेतला, निवृत्तीचा साधा निरोपसमारंभही केला नाही. तळेगावची जागा दुसऱ्याला गेली. मी बाईंशी कित्येक महिने कामापलीकडं एक शब्द बोलले नाही. मला त्यांचा राग होता, खरं सांगायचं तर अजून आहे. दिवसाढवळ्या माझ्या हातातला घास काढून घेतला त्यांनी. आणि त्यांच्याएवढं मला आयुष्यात कुणी आवडलंही नाही, आता याला काय करणार!

पण रागातला राग वेगळाच होता. ते 'चूक सर्वस्वी माझी' मला टोचायचं. चार वर्षं मी तिथं काय फुलं माळत होते का? शोध लागला तेव्हा दोघींचा, आणि चुकला तर एकट्या बाईंचा? बाईला चुकीतसुद्धा पहिला नंबर हवा.

नवा प्रबंध लिहायला वर्षाच्या वर गेलं. विषय तेच एन्झाईम, पण प्रश्न नवा. परका धातू ते प्रथिन आत घेतंच कसं, आणि एकदा घेतला की सोडत का नाही. बाई निवृत्त झाल्या होत्या, तरी रोज बसस्टँडवरून चालत यायच्या, माझ्यासमोर बसायच्या, माझ्या हातांकडं बघायच्या.

परीक्षा झाली त्या दिवशी फ्लेक्स नव्हता, जीप नव्हती. पहिल्या रांगेत एकटे आप्पा, इस्त्रीच्या शर्टात. शेवटच्या रांगेत बाई, कोपऱ्यात. परीक्षक तेच हैदराबादचे. सगळं नीट झालं. आवरताना त्यांनी पानं उलटत विचारलं, "एक राहिलं. जुन्या निबंधातली चूक, ती नेमकी कोणाची म्हणायची?"

मी तोंड उघडायच्या आत मागून खुर्ची सरकली. "माझी," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "पद्धत माझी होती. हिचा संबंध नाही."

"मॅडम, उपस्थितांनी बोलायचं नसतं," परीक्षा समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"मी वस्तुस्थिती सांगतेय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "दोघींची, सर," मी म्हणाले. "ती चाळणी चार वर्षं मी माझ्या हातांनी धुतली. त्यातून आलेलं प्रत्येक मँगनीज मी मोजलं. चूक दोघींची आहे, तशीच नोंद करा."

"अगं, पण..."

मी मागं वळले. बाई उभ्या होत्या, हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर, आणखी काहीतरी बोलायच्या तयारीत. आप्पाही वळून त्यांच्याकडंच बघत होते.

"बाई," मी म्हटलं, "खाली बसा."

असं त्यांना उभ्या जन्मात कुणी म्हटलं नसेल. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं बघितलं, आणि त्या बसल्या.